'फॅमिली रूम' नावाचा कोपरा

तालुक्याच्या गावात 'बार अँड रेस्टॉरंट'ची मोठी पाटी असते आणि खाली बारीक अक्षरात 'फॅमिली रूम'. मैत्रिणींनो, ती कशी असते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पिणाऱ्यांच्या टेबलांमधून वाट काढत जायचं, मळकट पडदा सरकवायचा आणि सिगारेटच्या वासात पनीर मसाला खायचा. बाथरूम एकच, तेही परमिट रूमच्या पलीकडे. लेकराला घेऊन जायचं कसं? चार बायकाच गेलो तर वेटर विचारतो, 'साहेब मागून येतायत का?' पैसे मात्र आमच्याकडूनही पूर्ण घेतात हं!

मग बिल. त्यात सर्व्हिस चार्ज परस्पर लावला असेल, तर तो देण्याची सक्ती नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच हे स्पष्ट केलं, दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये ते उचलून धरलं. काढून टाका म्हणावं. नाहीच ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पाण्याच्या बाटलीवरून मात्र भांडू नका. हॉटेलवाल्याला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. त्यापेक्षा सरळ साधं पाणी मागावं.

पण वेगळं दार, वेगळं बाथरूम यासाठी कुठला नंबर फिरवायचा? ते गल्ल्यावर मालकालाच सांगायला हवं. आमच्या बचत गटातल्या बायकांनी एकाला सांगितलं. त्यानं पडदा धुतला. दार अजून तेच आहे.