चार इंच उंच

“बाबा, ट्रक चार इंच वर उचलून घेतोय,” असे चिरंजिवांनी डेन्व्हरहून फोनवर सांगितले, तेव्हा मला प्रथम वाटले की गाडी खड्ड्यात गेली असून ती बाहेर काढण्याचे काम चालू आहे. मी काळजीने विचारले, “कुणाला लागलं तर नाही ना?” पलीकडे क्षणभर कुणी बोलले नाही. मग सूनबाईंच्या हसण्याचा आवाज आला.

या सदराचे वाचक जाणतात, की मी दापोडीच्या एस. टी. वर्कशॉपात ३४ वर्षे काढली. दबलेली गाडी वर आणणे हा माझ्या पोटापाण्याचा उद्योग होता. पण नवी कोरी, ताठ उभी असलेली गाडी पदरचे पैसे खर्चून आणखी उंच करायची, ही कल्पना काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. जूनमध्ये आम्ही उभयता नातीला भेटायला तिकडे गेलो आणि पहिल्याच शनिवारी मला या शास्त्राची दीक्षा मिळाली.

पिकअप म्हणजे पुढे माणसे आणि मागे उघडा हौदा. आपल्याकडे या गाडीतून कोथिंबीर, सिमेंट आणि गणपती जातात. अमेरिकेत तिच्यातून मालक एकटाच ऑफिसला जातो. मग शनिवार-रविवारी त्याला डोंगर आठवतात. डोंगरात कच्च्या वाटा, वाटांवर दगड. दगड लागू नयेत म्हणून मोठी चाके हवीत. मोठी चाके मडगार्डात मावत नाहीत म्हणून गाडी उचलायला हवी. चिरंजिवांचे तर्कशास्त्र असे बिनतोड होते. एका दुकानाचे अंदाजपत्रकही तयार होते. त्यातला आकडा मी रुपयांत करून पाहिला नाही; परदेशात तब्येत सांभाळावी लागते.

मी म्हटले, “आधी टायरवरचे आकडे वाचून दाखव.” टायरच्या कुशीवर लिहिले होते : २६५/७० आर १७. यातला पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या बाजूच्या उंचीचा, म्हणजे रुंदीच्या शेकडा किती ते. शेवटचा आतल्या रिमचा व्यास, तो मात्र इंचात. मिलिमीटर, टक्के आणि इंच ही तीन सासुरवाशिणी एकाच ओळीत सुखाने नांदत असल्याचे हे जगातले दुर्मिळ उदाहरण! गुणाकार केला, तर चाकाची एकूण उंची भरली ८०३ मिलिमीटर. चिरंजिवांना हवे होते ३१५/७० आर १७. त्यांची उंची ८७३. फरक ७० मिलिमीटरचा.

“म्हणजे जवळजवळ तीन इंच!” चिरंजीव खूश झाले.

“आस कुठे असतो?”

“चाकाच्या मध्यावर.”

“मग तो किती वर गेला?”

निम्मा. ३५ मिलिमीटर, दीड इंचही नाही.

“पण बाबा, वरचे चार इंच आहेतच की.”

खरी गंमत तिथेच आहे. या ट्रकच्या मागच्या चाकांवर आपल्या एस. टी.सारखेच पाटे असतात. त्याला उचलायचा म्हणजे आस आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालायचा, किंवा जास्त कमान असलेले पाटे बसवायचे. त्याने हौदा वर जातो, चॅसिस वर जाते, माणसे वर जातात. आस मात्र जागचा हलत नाही. आणि दगड आधी लागतो तो आसाच्या मध्यावर लोंबणाऱ्या डिफरन्शियलच्या लोखंडी भोपळ्याला. तो भोपळा वर न्यायचा असेल, तर चाक मोठे करण्यावाचून उपाय नाही. घराला माळा चढवला म्हणून तळघरातले पाणी कमी होत नाही, तसलाच हा प्रकार. चॅसिस वर गेल्याने एखाद्या उंचवट्यावर गाडीचे पोट टेकत नाही, हा फायदा मी नाकारत नाही. पण त्या फायद्याची किंमत कुठे कुठे मोजावी लागते, हे अंदाजपत्रकात नव्हते.

पुढच्या चाकांना पाटे नसतात, स्प्रिंगा असतात. इंजिनाचा जोर त्या चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्या आडव्या असतात. गाडी उचलली की त्या तिरप्या होतात, टोकाचे सांधे झिजतात, रबरी टोप्या फाटून ग्रीस बाहेर येते. चाकांचे अलाइनमेंट नव्याने करावे लागते. दिव्यांचा झोत वर जातो, तो खाली आणला नाही तर समोरच्याचे डोळे दिपतात. हल्ली गाडी आपण होऊन ब्रेक लावते. त्यासाठी पुढे बसवलेले डोळेही पुन्हा नीट रोखावे लागतात. वेगाचा काटा खोटे बोलू लागतो. त्या मोठ्या चाकांवर काटा ६० मैल दाखवील तेव्हा गाडी ६५ ने पळत असते. चाक जड आणि मोठे, त्यामुळे ब्रेकला जास्त जोर पडतो, चढावर इंजिन कुरकुरते, पेट्रोल जास्त लागते. स्टेपनी हौद्याखालच्या तिच्या जागेत मावत नाही. आणि जुनीच ठेवावी, तर चारही चाके ओढणाऱ्या गाडीत एक चाक लहान लावून मैलोगणती पळणे म्हणजे डिफरन्शियलचे दात स्वतःच्या हाताने पाडणे होय.

हे सारे ऐकून घेऊन चिरंजीव म्हणाले, “बाबा, इथे हजारो लोक करतात.”

या वाक्याला उत्तर नसते. मी कागदाच्या मागच्या बाजूला आणखी एक आकृती काढली. समजा, दोन चाकांमधले अंतर ६४ इंच, म्हणजे निम्मे ३२. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून २८ इंचांवर आहे. ३२ ला २८ ने भागले, तर एकाहून बरे जास्त येते. हा आकडा जितका मोठा, तितकी गाडी वळणावर पाय रोवून उभी. आता गुरुत्वमध्य चार इंच वर न्या : ३२ ला ३२. उरला एक. आणि वर हौद्यात सामान भरायचे ते वेगळेच.

“पण मी वळणावर जपूनच चालवतो.”

सौ. टेबलापाशी मेथी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “मामाचा पाय कशानं गेला, ते विचार तुझ्या बाबांना.”

आमचे मेहुणे डाव्या पायाने लंगडतात. टेम्पो उलटून, एवढेच मुलांना माहीत. टेम्पो का उलटला, हे मी घरात कधी सांगितले नव्हते आणि सौ.नेही ३८ वर्षांत ते उच्चारले नव्हते. १९८७ साली मेहुण्यांनी नारायणगावहून पुण्याच्या बाजारात टोमॅटो आणण्यासाठी एक जुना टेम्पो घेतला. क्रेट भरले की मागची बाजू बसायची. ते माझ्याकडे आले. मी वर्कशॉपातला मुरलेला कारागीर. एका रविवारी मित्राच्या गॅरेजात दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा पाटे घातले आणि मागे एक नंबर मोठे टायर चढवले. टेम्पो असा दिमाखात उभा राहिला, की मी स्वतःच चहा पाजला. त्याच आठवड्यात मेहुण्यांनी क्रेटांचा आणखी एक थर चढवला. पाटे बसत नव्हते, मग त्यांना भीती का वाटावी? खेड घाटाच्या उतारावर, एका वळणावर गाडी आडवी झाली. मी पोचलो तेव्हा रस्ताभर लाल चिखल झाला होता. त्यात टोमॅटो किती आणि दुसरे काय किती, हे मला प्रथम समजेना.

मेहुण्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. गाडी जोरात होती, असे ते सगळ्यांना सांगत आले. ती जोरात नव्हती.

हे मी चिरंजिवांना सांगितले. जमले तेवढे सांगितले. त्यांनी कागद उचलून घडी घातला आणि काही न बोलता खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा विषय निघाला, तो शेजारच्या दारात उभ्या असलेल्या सहा इंच उचललेल्या ट्रकवरून. शेजारी मोठा दिलदार. त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. किल्ली खिशातच ठेवून मी चालकाच्या जागेवर चढलो. ‘चढलो’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. आमच्या गुडघ्यांच्या सौभाग्यवतीला हा गड अशक्यच होता. चार वर्षांची नात ट्रकच्या तोंडासमोर उभी राहिली. काचेतून मला आकाश दिसले, समोरचे घर दिसले, त्या घराचे मांजरही दिसले. नात दिसेना.

“आजोबा, मी इथे आहे!”

“एकेक पाऊल मागे जा आणि मोज.”

आठव्या पावलाला तिच्या डोक्यावरची लाल रिबीन दिसली. मग मी खाली उतरलो आणि तिच्या बापाला वर बसवले. तो बराच वेळ बसून राहिला. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ साली केलेला अभ्यास त्यानेच मला रात्री वाचून दाखवला : बॉनेट ४० इंचांहून उंच असलेल्या गाडीची धडक बसली, तर पादचारी दगावण्याचा संभव ३० इंच वा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त.

(आपल्याकडेही जीप आणि थार उंचावण्याचे वेड आले आहे, म्हणून जाता जाता सांगतो. केरळातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी निकाल दिला, की कारखानदाराने ठरवलेल्या मूळ मापांशी फारकत घेणारे फेरफार गाडीत करता येत नाहीत. मुलाचा हट्ट पुरवण्यापूर्वी आर. टी. ओ.त चौकशी करावी.)

चिरंजिवांनी हौस सोडून दिली, असे मात्र नाही. माझाही तसा आग्रह नव्हता; हौस नसलेला मुलगा घेऊन काय करायचे? त्यांनी २८५/७० आर १७ चे टायर घेतले, पाचवा स्टेपनीसाठी. आस वर गेला १४ मिलिमीटर. पुढची बाजू दीड इंच उचलली, तीही मूळचाच तो ट्रक पुढे थोडा वाकलेला असतो म्हणून. दुकानातल्या मिस्त्र्याने दिवे खाली केले, अलाइनमेंट केले आणि आत मडगार्डाच्या प्लास्टिकचा घासणारा कोपरा कापला. त्याचे हात पाहिले आणि माणूस आपल्यातला आहे हे मला कळले. मी त्याला आसाचा प्रश्न विचारला, तेव्हा तो हसून म्हणाला, हे पहिल्या दिवशी कुणी विचारत नाही, भोपळा फुटल्यावर विचारतात.

जुलैत आम्ही युटामधल्या मोॲबला गेलो. तिथल्या कॅन्यनलँड्स उद्यानात शेफर ट्रेल नावाची कच्ची वाट एका उभ्या कड्यावरून वळसे घेत खाली उतरते. १९५० च्या दशकात युरेनियमचे ट्रक याच वाटेने जात. वाटेच्या तोंडाशी मी चारही टायरची हवा ३५ वरून २२ पौंडांवर आणायला लावली. हवा कमी केली की टायर पसरतो, जास्त जमीन धरतो, दगडावर थोडा दबून जातो. या युक्तीला पैसे पडत नाहीत. फक्त पक्क्या रस्त्याला लागण्यापूर्वी पंपाने पुन्हा हवा भरावी लागते. सौ.ने पुण्याहून आणलेला देवापुढचा पाट चढण्या-उतरण्यासाठी दाराशी ठेवला होता. संपूर्ण उतारभर ती दरीकडे पाहत नव्हती, काट्याकडे पाहत होती. काटा दहाच्या वर गेला नाही. भोपळा एकदाही टेकला नाही.

रात्री मुक्कामी पोचल्यावर तिने भावाला फोन लावला. पुण्यात सकाळ होती. चिरंजिवांनी ट्रक दाखवला, चाके दाखवली, लाल धुळीने माखलेला हौदा दाखवला. मेहुण्यांनी चष्मा वर करून नीट न्याहाळले.

“पाटे किती घातलेस रे?” त्यांनी विचारले.

“एकही नाही, मामा.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग तिकडे टोमॅटो काय भावाने मिळतात, याची चौकशी करू लागले.