विश्लेषण : पान वेळेआधी उघडले, तर डाव कोणाचा?

ऑनलाइन पैशांच्या खेळांवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदही या कायद्याने ठेवला नाही. मोबाइलवर पोकर शिकलेली मंडळी आता हॉस्टेलच्या खोलीत किंवा हुरड्याला शेतावर गेल्यावर, पैसे न लावता, नुसत्या चिप्स ठेवून डाव मांडतात. तेव्हा अ‍ॅपमध्ये कधीच न आलेली एक अडचण समोर येते. अ‍ॅप पान चुकून उघडे पाडत नाही. माणसाचा हात पाडतो. मग सुरू होतो वाद : ‘पुन्हा पिसा’ की ‘चालू द्या’?

एका पानाने एवढे काय बिघडते?

टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात. मग मधे सर्वांसाठी आधी तीन (फ्लॉप), नंतर एक (टर्न) आणि शेवटी एक (रिव्हर) अशी पाच पाने उघडतात. प्रत्येक टप्प्याआधी सगळ्यांची चाल पूर्ण व्हावी लागते आणि वरचे एक पान न बघता बाजूला टाकले जाते. याला ‘बर्न’ म्हणतात. खेळ सगळा माहितीचा आहे. काहींनी पान न बघता चाल केली आणि उरलेल्यांना ते बघून चाल करायला मिळाली, तर डाव सारखा राहत नाही.

वाटतानाच पान उघडले तर?

टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन ही संस्था २००१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे नियम जगभरातल्या पोकर स्पर्धांत वापरले जातात. त्यानुसार वाटपातल्या अगदी पहिल्या दोन पानांपैकी एखादे वाटणाऱ्याच्या चुकीने उघडले, तर वाटप रद्द. दोन किंवा अधिक पाने उघडली तरीही रद्द. मात्र नंतरचे एखादेच पान उघडले, तर वाटप पूर्ण करायचे, त्या खेळाडूला वरचे पान बदलून द्यायचे आणि उघडे पडलेले पान ‘बर्न’ म्हणून वापरायचे. ‘एक्का आलाय, मला चालेल’ असे म्हणून ते ठेवून घेता येत नाही.

रद्द करण्यालाही मुदत आहे. दोघांची चाल झाली आणि त्यातल्या एकाने तरी चिप्स लावल्या, किंवा चिप्स न लावता का असेना तिघांची चाल झाली, की वाटप रद्द करता येत नाही. डाव पुढे न्यावाच लागतो.

मधली पाने घाईने उघडली तर?

चाल बाकी असताना फ्लॉप उघडला, तर ‘बर्न’चे पान तसेच ठेवून फ्लॉपची पाने उरलेल्या गड्डीत मिसळायची, पिसायची आणि चाल पूर्ण झाल्यावर नवा फ्लॉप मांडायचा. टर्न आधी उघडला, तर ते पान बाजूला ठेवायचे. चाल पूर्ण झाली की जे पान रिव्हरला आले असते ते टर्नला येते. मग बाजूचे पान गड्डीत मिसळून, पिसून रिव्हर काढायचा. फ्लॉपला तीनऐवजी चार पाने पडली, तर चारही झाकून घोळवायची. पंच त्यातले कोणतेही एक उचलतो, ते पुढचे ‘बर्न’ ठरते आणि उरलेली तीन म्हणजे फ्लॉप.

खेळाडूनेच पाने दाखवली तर?

चाल बाकी असताना कोणी स्वतःची पाने उघडी केली, तर त्याला दंड होऊ शकतो, पण त्याचा हात बाद होत नाही. पॅक करणाऱ्याने पाने झाकूनच टाकायची. ‘मी राजा टाकला’ असे डाव चालू असताना बोलणेही नियमात बसत नाही, कारण त्या एका वाक्याने दुसऱ्या कोणाचा तरी अंदाज बदलतो. सगळ्या चिप्स लावल्या गेल्या आणि पुढे कोणाची चाल उरली नाही, की स्पर्धेत पाने लगेच उघडावी लागतात.

मग ‘पुन्हा पिसा’ म्हटले तर काय बिघडले?

मेंढीकोट, रमी, तीन पत्ती यांत आपली सवय सोपी आहे : पान उघडले, गोंधळ झाला, पुन्हा वाटा. पण ‘पुन्हा वाटा’ असे बहुतेक वेळा तोच म्हणतो, ज्याची पाने वाईट आहेत. ज्याच्या हातात दोन राजे आहेत, तो गप्प बसतो किंवा भांडतो.

शक्यतेचे गणित मांडून बघा. तुमच्या हातात दोन बदाम, फ्लॉपवर दोन बदाम. पाचव्या बदामाने तुमचा फ्लश होतो. न दिसलेली पाने ४७, त्यांत बदाम ९. टर्नला बदाम येण्याची शक्यता सुमारे १९ टक्के. आता टर्न घाईने उघडला आणि नेमका बदाम निघाला. नियमाने तो बाजूला गेला. उरली ४६ पाने, बदाम ८. शक्यता सुमारे १७ टक्के. पान हिरावल्यासारखे वाटते. पण उघडलेले पान किलवर असते, तर बदामाची शक्यता ४६ पैकी ९, म्हणजे आधीपेक्षा किंचित जास्तच झाली असती. शिवाय तो बदाम रिव्हरआधी गड्डीत परततोच. कोणते पान उघडेल हे आधी कोणालाच ठाऊक नसते. म्हणून नियम आधी ठरलेला असेल, तर सरासरीने त्याचा फायदा-तोटा कोणाकडेच झुकत नाही.

पान बघून मग नियम ठरवला, की मात्र तो झुकतो. आणि झुकतो तो ज्याचा आवाज मोठा किंवा वय जास्त त्याच्याकडे. म्हणून माझ्या मते नियम किती अचूक आहे यापेक्षा तो कधी ठरला, हे जास्त महत्त्वाचे. स्पर्धेत वाद झाला की ‘फ्लोअर’वरचा अधिकारी निर्णय देतो आणि त्याचा डावात काही हिस्सा नसतो. घरच्या डावात त्या हातातून पॅक केलेल्यांपैकी एकाला पंच करता येते. फ्लोअर इतका तटस्थ तो नसेल, पण त्या डावात त्याचे काही अडकलेले नसते.

आणि कायदा?

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंध कायदा आजही लागू आहे. रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटले. पोकरला मात्र गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जुगार ठरवले. त्यामुळे चिप्स प्लास्टिकच्याच असू द्या, त्यांना रुपयांचा भाव लावू नका.

पैसे नसले तरी डावात मैत्री पणाला लागलेली असते. कॅट पिसण्याआधी तीन गोष्टी मोठ्याने बोलून घ्या : वाटताना पान उघडले तर काय, मधले पान आधी उघडले तर काय आणि वाद झाला तर पंच कोण. दोन मिनिटे लागतात. पहिले पान वाटल्यानंतर यातले काहीही बदलायचे नाही, हा चौथा नियम.