वाट पाहून वहाण

गेल्या वर्षी श्रावणात आपल्या शाळेची टेकडीवरील धावण्याची शर्यत झाली. तिची सूचना फळ्यावर मीच लिहिली होती. सूचनेतील शेवटचे वाक्य असे होते : ‘सर्व स्पर्धकांनी गणवेशातील पांढरे कॅनव्हासचे बूटच घालून यावे.’ शिस्त आणि समानता ही दोन्ही ह्या एका वाक्याने साधतात, अशी माझी समजूत होती.

शर्यतीच्या सकाळी नववीतील एक मुलगी निराळेच बूट घालून आली. तिची आई शेतात जाताना घालते ते, तळाला ठसठशीत दाते असलेले, स्वस्तातले रबरी बूट होते ते. मी ते काढावयास लावले आणि एका मैत्रिणीचे कॅनव्हासचे बूट तिला घालावयास दिले. “बाई, ह्यांचा तळ सपाट आहे. उतारावर पाय सरकेल,” असे ती हळूच म्हणाली. “नियम सर्वांना सारखाच,” असे मी उत्तर दिले. परतीच्या वाटेवर भिजलेल्या लाल मातीच्या उतारावर तिचा पाय निसटला आणि उजवे मनगट मोडले. सहामाही परीक्षेत तिची उत्तरे दुसऱ्या मुलीला लिहून घ्यावी लागली.

मी क्रीडाशिक्षिका नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन भाषा आणि इतिहास शिकविणारी एक सामान्य शिक्षिका आहे. परंतु त्या चुकीने मला विचारावयास शिकविले. डोंगरवाटांवर धावणारे तरुण, बाजारात पादत्राणे दुरुस्त करणारे वृद्ध कारागीर आणि मुख्य म्हणजे रोज शेतरानात वावरणारे आपले पालक ह्यांना मी विचारीत गेले. त्यातून माझे जे मत बनले ते असे : धावण्याच्या बुटांची निवड किमतीवरून वा गणवेशावरून न होता पायाखालच्या भूमीवरून झाली पाहिजे. अंथरूण पाहून पाय पसरावे, तशीच वाट पाहून वहाण घ्यावी.

आपल्या जिल्ह्यात हा विचार अधिकच अगत्याचा आहे. खानापूरहून पश्चिमेस जांबोटी, कणकुंबीकडे जावे, तो लाल माती, जांभा दगड, घनदाट रान आणि मुसळधार पाऊस. बेळगावहून पूर्वेस बैलहोंगल, सौंदत्तीकडे वळावे, तो काळी कसदार जमीन. चोर्ल्याचा घाट उतरून माझ्या माहेरी गोव्यात जावे, तो पुढे समुद्राची वाळू. एका दिवसाच्या प्रवासात भूमी इतकी रूपे पालटते, मग एकच बूट सर्वत्र कसा पुरावा?

विद्यार्थी मित्रहो, ह्याचे मर्म समजून घेण्यासाठी दुकानात जाण्याची गरज नाही. ट्रॅक्टरचे मागचे चाक आणि एस. टी. बसचे चाक शेजारी शेजारी ठेवून पाहा. ट्रॅक्टरच्या चाकाचे दाते उंच आणि एकमेकांपासून दूर असतात. ते चिखलात रुततात, आणि चाक फिरताच मधल्या मोकळ्या जागेतून चिखल गळून पडतो. बसच्या चाकावरील खाचा उथळ असतात, कारण कठीण रस्त्यावर रबराचा जितका अधिक भाग टेकेल तितकी पकड चांगली. बुटाच्या तळाचेही शास्त्र हेच. चिखलाच्या वाटेसाठी सुमारे 6 मिलिमीटर वा त्याहून उंच, विरळ दाते हवेत. टणक, कोरड्या पायवाटेला दोन ते चार मिलिमीटरांचे दाटीने बसविलेले दाते पुरेसे होतात. दोन्ही प्रकारच्या मिश्र वाटेला मधले माप घ्यावे.

ओल्या कातळाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे उंच दाते उलट घातक ठरतात, कारण त्यांची केवळ टोके दगडाला टेकतात. तेथे मऊ, चिकट रबराचा तळ उपयोगी पडतो. असे रबर लवकर झिजते, हा त्याचा दोष पत्करावा लागतो. आणि जेथे दगडावर हिरवे शेवाळ धरले आहे, तेथे कोणत्याही बुटावर विसंबू नये. तेथे धावणे थांबवून चालावे, ह्यात कमीपणा नाही. जांभ्याच्या सड्यावर आणखी एक अडचण असते. त्याचे टोकदार कंगोरे पातळ तळातून पायाला बोचतात. अशा वाटेसाठी काही बुटांच्या तळात एक पातळ, कठीण पत्रा बसविलेला असतो. तो बहुधा प्लास्टिकचा असतो, आणि खडे बोचण्यापासून पाय वाचवितो.

काळ्या मातीत पावसाळ्यात धावू नये, हे मी स्पष्टच सांगते. ती माती बुटाला थरावर थर चिकटते आणि चार पावलांत पाय जड होतात. शिवाय ओला बांध आपल्या पावलांनी ढासळला तर नुकसान शेतकऱ्याचे होते. वाळूत तर दात्यांना पकडावयास काहीच नसते. भरती ओसरल्यावर उरणारी ओलसर, घट्ट पट्टी धावण्यास निवडावी, आणि बूट हलका व रुंद तळाचा असावा.

तळाइतकेच महत्त्व मापाला आहे. उतरताना पाय बुटात पुढे सरकतो आणि धावताना तो थोडा सुजतो. म्हणून सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा मोकळी असावी. टाच मात्र घट्ट बसावी. बूट संध्याकाळी, मोजे घालून मापावेत. पाणी आत शिरू न देणारे बूट महाग असतात, परंतु आपल्या ओढ्यानाल्यांत पाणी घोट्यावरून आत शिरते, आणि मग तोच बूट ते बाहेर जाऊ देत नाही. आपल्या पावसाळ्याला पाणी चटकन निथळून जाणारा जाळीदार बूटच बरा. तो धुऊन, आत जुने वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवावा. चुलीच्या धगीने तळाचा गोंद सुटतो.

“आमचे आजोबा अनवाणीच डोंगर चढले,” असे कोणी म्हणतील. ते खरेच आहे. इथिओपियाचा अबेबे बिकिला 1960 साली रोमला मॅरेथॉन अनवाणी धावून जिंकला. परंतु त्याने सरावही अनवाणी केला होता, आणि स्पर्धेसाठी मिळालेले बूट पायाला नीट बसत नव्हते म्हणून ते त्याने नाकारले. पुढे 1964 साली टोकियोला तोच बिकिला बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला. ज्याचे पाय लहानपणापासून घट्टे पडून तयार झाले आहेत, त्याच्या अनवाणी धावण्याला आपण हसू नये. आणि ज्याचे तसे नाहीत, त्याने एका दिवसात तसे होऊ पाहू नये.

दुसरीकडे, अयोग्य पादत्राणाची किंमत किती जबर असते, हेही इतिहास सांगतो. 1935 साली आल्प्स पर्वतात वादळात सापडून इटलीच्या विताले ब्रामानी ह्यांचे सहा सहकारी मरण पावले. त्यांची पादत्राणे तशा हवेला आणि चढाईला पुरेशी नव्हती. त्या दुःखातून ब्रामानींनी खोल दात्यांचा रबरी तळ सिद्ध केला, आणि 1937 पासून तो बाजारात आला. 1954 साली के-2 हे शिखर प्रथम सर करणाऱ्या इटालियन गिर्यारोहकांच्या बुटांना त्यांच्याच कारखान्याचे तळ होते. आज डोंगरात वापरल्या जाणाऱ्या असंख्य बुटांचे मूळ त्या तळात आहे. ब्रामानींनी आपला शोक उपायाकडे वळविला. आपली चूक तुलनेने लहान असली तरी आपल्यालाही तसेच करता येईल.

पालकांना माझी विनंती आहे की, मुलांच्या हट्टापायी पाच आकडी किमतीचे परदेशी बूट घेऊ नयेत. डांबरी रस्त्यासाठी केलेला महाग बूट चिखलाच्या उतारावर शेतातल्या स्वस्त रबरी बुटापुढे हरतो. जे काम करावयाचे, त्याला साजेसे साधन घ्यावे, आणि ते झिजून सपाट झाले म्हणजे टाकण्याचे धैर्यही ठेवावे.

शाळेपुढे मी तीन सूचना ठेविल्या आहेत. टेकडीच्या शर्यतीसाठी गणवेशातील बुटांची सक्ती नसावी. शर्यतीच्या आदल्या दिवशी सर्व स्पर्धकांनी ती वाट शिक्षकांसह चालून पाहावी. आणि लहान झालेले, परंतु दाते शाबूत असलेले बूट मुलांनी शाळेच्या कपाटात जमा करावेत, म्हणजे ज्याला गरज आहे त्याला ते संकोच न बाळगता घेता येतील. सर्वांच्या पायांत एकच बूट असणे म्हणजे समानता, असे मी समजत होते. सर्वजण धडधाकट घरी परतणे ही खरी समानता, असे आता समजते.

ती मुलगी यंदा दहावीत आहे. तिचे मनगट बरे झाले आहे. येत्या श्रावणातील शर्यतीची सूचना तिनेच फळ्यावर लिहावी, अशी विनंती मी तिला केली. तिने विचारले, “बाई, बुटांविषयी काय लिहू?” मी म्हणाले, “तू मला सांगितले होतेस, तेच लिही.”