विश्लेषण : हिंगोलीच्या तक्त्यात ज्यू का दिसत नाहीत?

हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ११ लाख ७७ हजार ३४५. त्यात ज्यू किती, हे पाहायला गेल्यास धर्मनिहाय मुख्य तक्त्यात त्या नावाचा रकानाच सापडत नाही. हिंदू, मुस्लीम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, जैन अशा सहा धर्मांनंतर थेट ‘इतर धर्म व पंथ’ येतो. ज्यू आणि पारशी दोघेही याच ‘इतर’मध्ये जातात.

महाराष्ट्रातील ज्यू कुठे आहेत?

महाराष्ट्रातील ज्यूंमध्ये बहुसंख्य बेने इस्रायली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि वाचलेली माणसे कोकणात स्थिरावली, ही त्यांची परंपरागत कथा. तेलाचा घाणा चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. पेणकर, दिवेकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावे गावांवरून आली. घरची भाषा मराठीच.

ब्रिटिश काळात लष्कर, रेल्वे आणि सरकारी नोकरीच्या निमित्ताने हा समाज मुंबई, ठाणे, पुण्याकडे सरकला. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग उभारले. ठाण्याचे १८७९ मधले. पुण्याचे ‘लाल देऊळ’ मात्र बगदादी ज्यू डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिले.

मग मराठवाडा मागे का?

हिंगोली तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. येथे छावणी होती; पण ती निजामाच्या कंटिन्जंट फौजेची. बेने इस्रायली प्रामुख्याने मुंबई इलाख्याच्या फौजेत आणि खात्यांत होते. नोकरीची वाट ज्या दिशेने गेली, त्या दिशेने वस्ती गेली.

संख्या इतकी कमी कशी झाली?

१९५१ मध्ये देशात सुमारे २६ हजार ज्यू होते. २००१ च्या जनगणनेत ते ४,६५० उरले. त्यांपैकी २,४६६ महाराष्ट्रात. कारण छळ नव्हे, स्थलांतर. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाला आणि कुटुंबेच्या कुटुंबे तिकडे गेली. तिथेही सुरुवातीला त्यांच्या ज्यू असण्यावर शंका घेतली गेली. आंदोलनानंतर १९६४ मध्ये इस्रायलने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानले. दिमोना, अश्दोद, लोद येथे आजही मराठी बोलणारी घरे आहेत.

अल्पसंख्याक दर्जाचा संबंध काय?

महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. केंद्राच्या यादीत मात्र मुस्लीम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन हे सहाच समाज आहेत. म्हणजे एकच कुटुंब राज्याच्या योजनेसाठी अल्पसंख्याक ठरते, केंद्राच्या योजनेसाठी नाही. दर्जा कागदावर आहे. तो पोहोचवायचा तर कोणत्या तालुक्यात किती माणसे, हे कळायला हवे.

आता काय व्हायला हवे?

आगामी जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ आहे आणि ती प्रथमच डिजिटल पद्धतीने होणार आहे. २०११ मध्ये प्रगणक सहा धर्मांसाठी संकेतांक लिहीत. इतरांसाठी धर्माचे नाव पूर्ण लिहायचे होते. कागदाच्या काळात छोट्या समाजांचे जिल्हानिहाय आकडे मुख्य तक्त्यात देणे अवघड वाटत असेल. मोबाइलवर माहिती भरली जात असताना ती सबब उरत नाही. मात्र अगदी छोटे आकडे जाहीर करताना कुणा एका घराची ओळख उघड होणार नाही, ही काळजीही घ्यावी लागेल.

हा प्रश्न केवळ ज्यूंचा नाही. पारशी असोत वा आपला स्वतंत्र धर्म नोंदवणारे आदिवासी, ‘इतर’ या शब्दात सगळेच मिसळून जातात. हिंगोलीत उद्या ज्यूंच्या नावापुढे शून्य आले, तरी ते मोजून आलेले असावे. मोजून आलेला शून्य ही माहिती असते. रकानाच नसणे हे दुर्लक्ष. ज्या समाजाने मराठी सातासमुद्रापार नेली, त्याला इथल्या तक्त्यात निदान स्वतःचे नाव मिळायला हवे.