चोराचा माग आणि शेजाऱ्याचे दार

इतवारीतील पेढीवर नवा संगणक येतो, तेव्हा त्याच्याबरोबर बहुधा एक प्रश्नही येतो. हिशेबाचे सॉफ्टवेअर रीतसर विकत घ्यावे, की ओळखीच्या माणसाकडून कुलूप तोडलेली प्रत फुकट बसवून घ्यावी? तराजूचा काटा किंचित हलला तरी अस्वस्थ होणारा मालक हा दुसरा मार्ग कित्येकदा सहज पत्करतो. कोणाच्या दुकानातून काही उणे झाले नाही, मग ही चोरी कसली, असे त्याचे म्हणणे असते.

श्रावकाची अणुव्रते सांगणाऱ्या आचार्यांना हे म्हणणे मान्य झाले नसते. अचौर्य व्रताच्या अतिचारांत चोरून आणलेली वस्तू स्वीकारणे, म्हणजे तदाहृतादान, स्पष्टपणे येते. अस्सल म्हणून नक्कल खपविण्याचा प्रतिरूपक व्यवहारही तेथेच येतो. स्वतः चोरी केली नाही, एवढ्याने व्रत निर्दोष राहत नाही. देशाचा कायदाही हेच सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ ब आले. सॉफ्टवेअरची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. घरगुती वापराच्या बाबतीत न्यायालय कारावास टाळू शकते. व्यापारासाठी वापर झाला असेल, तर ही सवलत नाही.

चोरट्या प्रतीने नुकसान कोणाचे होते, हे महाराष्ट्राने २०१६ साली पाहिले. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिलला प्रदर्शित झाला आणि चित्रपटगृहांत गर्दी असतानाच त्याच्या प्रती मोबाइलवरून फिरू लागल्या. ‘सैराट’ तरीही चालला. परंतु ज्याची सारी पुंजी एका चित्रपटात अडकली आहे, अशा लहान निर्मात्याला पहिल्या आठवड्यातील घाव सोसत नाही. म्हणून २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने चित्रपटाच्या चोरीला किमान ३ महिने कारावास आणि किमान ३ लाख रुपये दंड ठरविला. दंडाची कमाल मर्यादा निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत नेली.

शिक्षा कडक असावी, याविषयी फारसे दुमत नाही. वाद आहे तो चोर शोधण्याच्या रीतीचा. वाटेवर चोरीचा माल जात असल्याची खबर मिळाली, तर ती गाडी अडविणे योग्यच; पण तेवढ्यासाठी वाटेवरील प्रत्येक प्रवाशाचे गाठोडे सोडून पाहणे कोणाला मान्य होईल? इंटरनेटवर नेमका हाच प्रसंग येतो. कोण काय उतरवून घेतो, हे सरसकट तपासायचे तर सर्वांच्याच येण्याजाण्यावर नजर ठेवावी लागते. शिवाय ज्या आयपी क्रमांकावरून माग काढला जातो, तो एका माणसाचा नसतो. एका वायफायवर अख्खे एकत्र कुटुंब, दुकानातील नोकर आणि कधी पाहुणेही असतात. क्रमांक घरापर्यंत नेतो, पण घरातील कोणी चोरी केली, हे सांगत नाही.

मुंबई उच्च न्यायालयात जुलै २०१६ मध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या निमित्ताने हा प्रश्न उभा राहिला. अज्ञात प्रतिवादींविरुद्धच्या अशा आदेशांना भारतात ‘अशोक कुमार आदेश’ म्हणतात. निर्मात्यांना अनेक संकेतस्थळे बंद करून हवी होती. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट बंदी नाकारली. एखाद्या स्थळावर केवळ चोरीचाच माल आहे, हे दाखविल्याशिवाय ते संपूर्ण बंद होणार नाही. पडताळून दिलेली नेमकी पानेच बंद होतील, आणि त्या जागी बंदीचे कारण व तक्रारीचा पत्ता वाचकाला दिसला पाहिजे, असे त्यांनी ठरविले. त्याच ऑगस्टमध्ये बंद पानांवर नुसते पाहणेही दंडनीय असल्याची धमकी झळकू लागली, तेव्हा ती त्यांनी दुरुस्त करावयास लावली. गुन्हा पाहण्यात नसून परवानगीविना वितरण, जाहीर प्रदर्शन किंवा विक्री करण्यात आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. पुढे चोरटी स्थळे रातोरात नाव बदलतात हे ध्यानी घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ रोजी नव्या नावांनाही जुनाच आदेश लागू करण्याची सोय केली. चोराच्या वेगाला ते उत्तर होते; तरी त्याचा रोख स्थळांवर होता, घरांवर नव्हता.

घराच्या दाराविषयी नागपूरकरांना अभिमान वाटावा, असे एक निकालपत्र आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यांत नागपुरात जन्मलेले, येथेच वकिली केलेले आणि पुढे सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती शरद बोबडे होते. त्यांनी स्वतंत्र मत लिहिले आणि ही कल्पना परकी नाही, हे दाखविण्यासाठी जुन्या ग्रंथांचा आधार दिला. घरातील माणसांचा आडोसा राहील अशा रीतीने घर बांधावे, असे गृह्यसूत्रे सांगतात. मालकाच्या संमतीविना परक्या घरात शिरणे अर्थशास्त्र निषिद्ध मानते. अर्थात हा हक्क निरंकुश नाही. सरकारला दाराआड यायचे, तर कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि हेतूच्या प्रमाणातच उपाय असला पाहिजे, असेही त्या निकालातून निघते.

जैन परंपरेत हा विचार सत्य अणुव्रताखाली येतो. दुसऱ्याचे एकांतातील गुपित उघड करणे, म्हणजे रहोभ्याख्यान, हा त्या व्रताचा अतिचार आहे. त्याच यादीत न्यासापहारही आहे. ठेवीदार आपली रक्कम विसरून कमी मागतो आणि सावकार ‘बरोबर आहे’ म्हणून तेवढीच परत करतो, असे त्याचे उदाहरण टीकाकार देतात. आजच्या पेढीवर ग्राहकाचा मोबाइल क्रमांक, पत्ता आणि उधारीची नोंद ही अशीच ठेव आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात ती सांभाळण्यातील हलगर्जीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

येथे दोन्ही प्रश्न एकाच संगणकावर येऊन मिळतात. कुलूप तोडलेले सॉफ्टवेअर बसविताना व्हायरसरोधक व्यवस्था बहुधा बंद करावी लागते, आणि ज्याने कुलूप तोडले त्याने आत काय ठेवले, हे मालकाला ठाऊक नसते. त्या फटीतून खातेवही, जीएसटीचा पासवर्ड आणि शेकडो ग्राहकांची माहिती बाहेर जाऊ शकते. आपल्या घरात कोणी डोकावू नये, ही व्यापाऱ्याची मागणी रास्त आहे. दिवाळीला वहीपूजन करण्यापूर्वी पेढीवरील सॉफ्टवेअरची पावती मिळते का, आणि ग्राहकांची यादी कोणाकोणाच्या फोनमध्ये पडून आहे, एवढे पाहिले, तर ती मागणी त्याला ताठ मानेने करता येईल.