उजवी शिफ्ट, आठ सेकंद

वरच्या मजल्यावरच्या काकू निवृत्त शिक्षिका. आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी तीन वह्यांत उतरवून ठेवल्यात आणि दिवाळीपासून त्या संगणकावर टाइप करतायत. मंगळवारी सकाळीच त्या दारात उभ्या. "अरे, कीबोर्ड मेला रे. दुकानातल्या मुलानं सांगितलं म्हणून नवा आणला, तर तोही संध्याकाळी गप्प. आणि माऊसचं तर विचारूच नकोस."

एका आठवड्यात दोन कीबोर्ड सहसा मरत नाहीत. मी वर जाऊन आधी नम लॉक दाबलं. त्याचा दिवा लागला-विझला, तर कीबोर्ड आणि संगणकाचं बोलणं चालू आहे एवढं नक्की होतं. पटकन दाबलं, दिवा लागला नाही. बोट तसंच दाबून धरलं, आणि लागला!

म्हणजे कीबोर्ड ठणठणीत होता. झटकन दाबलेली कळ संगणकच मोजत नव्हता. या सोयीला फिल्टर कीज म्हणतात. हात थरथरणाऱ्या माणसाचं बोट चुकून एखाद्या कळीवर पडलं तर ते अक्षर उमटू नये, म्हणून ती केलेली आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमध्ये अशा सोयींवर काम झालं आणि विंडोज ९५ पासून त्या विंडोजमध्येच मिळू लागल्या. फार मोलाची गोष्ट आहे ती. पण उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून ठेवली की ती सुरू करू का, असं विचारणारी चौकट येते. काकूंनी ती चौकट एंटर मारून घालवली होती. एंटर म्हणजे होकार.

आता काकू उजव्या शिफ्टवर बोट ठेवून बसतात कशाला? त्या इनस्क्रिप्ट या कळांच्या मांडणीनं टाइप करतात. त्यात बहुतेक स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. नुसती कळ दाबली की काना किंवा वेलांटी येते. अख्खा 'आ' किंवा 'ई' हवा असेल तर सोबत शिफ्ट लागते. डावा हात स्वरावर, म्हणून शिफ्ट उजवी. 'आई' लिहायचं तर दोन्ही अक्षरांना ती हवीच. काकू शिफ्टवर करंगळी टेकवतात आणि वहीतली पुसट झालेली ओळ लावत बसतात. आठ सेकंद सहज जातात. मराठी टायपिंग शिकवणाऱ्या प्रत्येकानं पहिल्याच दिवशी हे सांगायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं. नाहीतर माणसं चांगले कीबोर्ड भंगारात टाकत राहतील.

माऊसचं दुखणं वेगळं. टेबलावर नवी काच आली होती, खाली नातवंडांचे फोटो. माऊसच्या पोटातला छोटा कॅमेरा खालच्या पृष्ठभागाची चित्रं सेकंदाला हजाराहून अधिक वेळा घेतो आणि त्यांतल्या फरकावरून बाण हलवतो. गुळगुळीत काचेवर त्याला धरायला काही सापडत नाही. वर्तमानपत्राची घडी खाली सरकवली, बाण सुरळीत पळू लागला.

नम लॉक दाबून धरूनही दिवा लागला नाही, तर मात्र वायरीकडे वळावं. यूएसबीची जागा बदलून पाहावी. बिनवायरीचा असेल तर आधी सेल बदलावा. जुन्या कचेऱ्यांमध्ये अजून गोल पिना दिसतात, जांभळी कीबोर्डची आणि हिरवी माऊसची. त्या संगणक बंद करूनच लावाव्यात. आणि संगणक सुरू होतानाच्या बायोसच्या पडद्यावर कळा चालत असतील, तर कीबोर्डला नावं ठेवू नयेत, बिघाड विंडोजमध्ये शोधावा.

मी उजवी शिफ्ट पुन्हा आठ सेकंद धरली. फिल्टर कीज बंद झाली. हा शॉर्टकटच सेटिंगमधून काढून टाकतो म्हणालो, तर काकूंनी हात धरला. "राहू दे. माझ्या धाकट्या जावेचा हात थरथरतो. तिला टाइप करायचंय, पण सगळी अक्षरं दोनदोनदा उमटतात म्हणून तिनं सोडून दिलंय. रविवारी बोलावते तिला."

मग त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर, आईच्या नावाखाली, पेन्सिलीनं लिहून ठेवलं : उजवी शिफ्ट, आठ सेकंद.