घरपट्टी भरली, तरी घर तुटलं

नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत २०२४-२५ मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने ४१ अनधिकृत इमारती पाडल्या. जागा सांडपाणी प्रकल्प आणि डम्पिंग ग्राउंडसाठी राखीव होती. शेकडो कुटुंबं रस्त्यावर आली. घरपट्टीची पावती, लाईटबिल असलं म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, हे तेव्हा कळलं.

होळीपासून विरारपर्यंत घर बघताना दलाल सांगतो, 'नोटरी केलीय, काळजी नको.' पण नोटरीने मालकी मिळत नाही. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. मालकी येते ती नोंदणीकृत खरेदीखताने. सीसी म्हणजे बांधायची परवानगी, ओसी म्हणजे राहायची. वसई-विरारमध्ये खोट्या सीसीवरही इमारती उभ्या राहिल्यात. म्हणून दलालाच्या मोबाईलवरच्या कागदावर विसंबू नका. आधी महापालिकेत जाऊन तपासा, मगच टोकन द्या.